धागा: घरी स्पॉट वेल्डर बनवायचाय, ट्रान्सफॉर्मर-केबल-टिपा मराठवाड्यात स्वस्तात कुठं मिळतील?

परतूर_पत्राकाम

नमस्कार मंडळी. माझं परतूरला छोटं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. खिडक्या, गेट, शेळ्यांच्या गव्हाणी, कोंबड्यांचे पिंजरे असली कामं. अडचण अशी की गव्हाणीला जो २४ गेजचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा लागतो तो आर्क वेल्डिंगनी जोडायला गेलं की भोक पडतंय. कितीबी करंट कमी करा, बारीक रॉड लावा, दहातले चार जोड जळतातच, मग रिवेट मारत बसायचं आन् रिवेटच्या भोकातून पाणी जाऊन वर्षा-दीड वर्षात गंज धरतो, मग गिऱ्हाईक परत दारात. पायानी दाबायचं, दोन तांब्याच्या टिपांत पत्रे धरून करंटनी ठिपक्यासारखा जोड (पॉइंट) मारणारं नवं स्पॉट वेल्डिंग मशीन घ्यायची ऐपत सध्या नाही, सोयाबीनचे पैसे आले की देतो म्हणून निम्मी कामं उधारीवर चाललीत.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरची वरची बारीक तारेची कॉइल काढून जाड केबलीचे दोन फेरे घालायचे म्हणजे काम होतं एवढं मला कळलंय. अडलंय ते सामानावर. परतूर, मंठा, सेलू तिन्हीकडचे भंगारवाले पालथे घातले, मायक्रोवेव्ह कुणाकडंच नाही. शेवटी जालन्यात एक मिळाला, दीडशे रुपयाला अख्खी पेटी घेतली, एसटीत मांडीवर घेऊन आलो, आन् घरी उघडली तर आत लोखंडी ट्रान्सफॉर्मरच नाही! एक सर्किटचा बोर्ड आन् त्याच्यावर मुठीएवढा काळा ठोकळा, त्याला थोडी तार.

तर ट्रान्सफॉर्मर, केबल, तांब्याच्या टिपा आन् टायमर हे चार माल आपल्याकडं कुठं आन् काय भावानी मिळतात ते ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी सांगा. सगळं मिळून दोन-अडीच हजारात बसलं पाहिजे.

वाळूज_टूलरूम

दादा, तुम्हाला मिळाला तो इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह. दारावर बहुतेक तसं लिहिलेलं असतं. त्यात हाय फ्रिक्वेन्सीचा फेराइट ट्रान्सफॉर्मर असतो, आपल्या कामाचा नाही. पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी एका बाजूनी उचलून बघा, जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्हचा एकच कोपरा जड लागतो कारण चार-पाच किलोचं लोखंड त्याच कोपऱ्यात असतं. पेटी सगळीकडून सारखी हलकी लागली तर सोडून द्या.

संभाजीनगरला मिळतात पण नेम लागत नाही. रविवारी जाफर गेटच्या बाजारात सकाळी लवकर यावं लागतं, दुपारपर्यंत कामाचं निघून गेलेलं असतं. मुख्य गोष्ट म्हणजे भंगारवाला ट्रान्सफॉर्मर अख्खा ठेवतच नाही, आला की छिन्नीनी कॉइल कापतो, तांबं वेगळं लोखंड वेगळं. म्हणून ओळखीच्या दुकानात आधीच सांगून ठेवायचं. मी आमच्या कबाडीला सांगितलं होतं, “भाई, ये वाला तोडने का नहीं, जैसा है वैसा मेरे को देना, काटे के ऊपर पचास ज्यादा लेना.” तीन आठवड्यांनी फोन आला, दोन नग, प्रत्येकी तीनशे. अॅल्युमिनियमचं वाइंडिंग असेल तर भाव पाडून मागा, पण इनॅमलचा रंग बघून फसू नका, अॅल्युमिनियमच्या तारेवरचं इनॅमलसुद्धा तांबूस दिसतं. ब्लेडनी टोकाला खरवडायचं, आत पांढरं चमकलं की अॅल्युमिनियम. स्पॉट वेल्डरला अॅल्युमिनियमची प्रायमरीसुद्धा (लाइट जोडायची कॉइल) चालते, फक्त लवकर तापते.

टिपांचं सांगतो, कारण त्यात मी रोज असतो. ऑटो पार्टच्या कंपन्यांत स्पॉट गनच्या टिपा क्रोमियम-कॉपरच्या असतात. घासून घासून एका मापाखाली गेल्या की त्या बदलतात आणि स्क्रॅपमध्ये जातात. तुमच्या मशीनला तो उरलेला तुकडासुद्धा वर्षभर पुरेल. वाळूज आणि चिकलठाण्याच्या बाहेर जे स्क्रॅपवाले आहेत त्यांच्याकडं किलोवर मिळतात. साधं तांबं मऊ असतं, तापलं आणि दाब पडला की तोंड छत्रीसारखं पसरतं, मग पॉइंट मोठा होतो आणि करंट विखुरतो. तोंडाचं माप काढायला आमच्याकडं एक सोपा हिशोब वापरतात: पत्र्याची जाडी मिमीत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, पाचनी गुणा. तुमच्या पत्र्याला साधारण चार मिमी येईल.

नांदेड_कोटी

टायमरचं इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला कोटी भागातल्या गुजराती गल्लीत मिळतं, आमच्या नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनी गेलं की एका दिवसात येऊन-जाऊन होतं. ट्रायक (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), ऑप्टो (ट्रायकला इशारा देणारा भाग), हीटसिंक सगळं एका रांगेत. माझी चक्कर महिन्यातून एकदा असतेच, कुणाला लागलं तर यादी द्या, ट्रॅव्हल्सनी पार्सल टाकतो.

एक अनुभव सांगून ठेवतो. मी आधी ऑनलाइन चाळीस अँपिअर लिहिलेला सॉलिड स्टेट रिले (तयार इलेक्ट्रॉनिक स्विच) घेतला होता, अगदी स्वस्तात. आठव्या-नवव्या पॉइंटला तो आतून शॉर्ट झाला. म्हणजे मी पाय काढला तरी मशीन चालूच! टिपा लालभडक झाल्या, पत्रा चिकटून बसला, मेन स्विच भिंतीवर दुसऱ्या बाजूला होता तिथपर्यंत पळालो. रिले जळला की बंद पडतो असं मला वाटत होतं, पण तो बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. तेव्हापासून एमसीबी हाताशी, टेबलाच्या कडेलाच लावलाय. उघडून बघितल्यावर आत चाळीस अँपिअरच्या मानानं फारच छोटा ट्रायक निघाला.

मोटार_भरणारा_उदगीर

परतूरकर भाऊ, तुमी मायक्रोवेव्हच्या मागं कामून लागलात? आपल्या भागात मायक्रोवेव्ह किती घरात होता की तो भंगारात येईल. पुन्या-मुंबईच्या लोकांना तो मिळतो म्हनून ते तो वापरतात. आपल्याकडं भंगारात काय पडून हाय ते बगा की. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी, दवाखान्यात, झेरॉक्सच्या दुकानात बॅटरीवर लाइट देनारे इन्व्हर्टर आले होते, आठ-आठ दहा-दहा तास लाइट नसायची. ते सगळे जुने इन्व्हर्टर आता कार्ड जळून माळ्यावर न्हाईतर भंगारात पडलेत, आन् कार्ड जळलं तरी आतला ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असतोय. माझ्या दुकानात ह्या घडीला पाच पडलेत.

आठशे व्हीएच्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यात एक बाजू २३० व्होल्टची बारीक तार आन् दुसरी बाजू बॅटरीची जाड तार असती. बहुतेकात बारीक तार आत आन् जाड तार वर असती, तसा असला तर तुमचं नशीब, वरची जाड तार सोडून काढायची, आतल्या तारेला हात लावायचा न्हाई. उलटा असला तर तो घेऊ नका. आन् वाइंडिंग तांब्याचं असलं तर निघालेली जाड तार इकून केबलीचे पैसे निघतेत.

किती फेरे घालायचे ते अंदाजानी घालू नका. कोअरवर (मधल्या लोखंडावर) साध्या बारीक वायरचे दहा फेरे गुंडाळा, प्रायमरीला लाइट द्या, दहा फेऱ्याला किती व्होल्ट येतात ते मीटरवर बगा, दहानी भागा. इन्व्हर्टरच्या कोअरला फेऱ्याला अर्धा ते पाऊण व्होल्ट येतो, मायक्रोवेव्हच्याला एकाच्या आसपास. तुमाला दोन-अडीच व्होल्ट पायजेत. म्हंजे इन्व्हर्टरवाल्याला चार फेरे. केबल ३५ चौरस मिमीची बसती, ५०ची चार फेरे बसत न्हाई. केबलीच्या रबरानीच निम्मी जागा खाल्ली तर रबर सोलून काढा आन् फायबरची स्लीव्ह चढवा, कोअरला लागून लेदरॉइडचा (करंट न जाऊ देणारा) कागद घाला. हे सगळं तालुक्याच्या कुठल्याबी मोटार भरायच्या दुकानात मिळतंय, पंपाच्या मोटारीला रोज लागतंय ते.

आन् स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर हाय तसा वापरू नका, कुनी कितीबी फुकट देवो. तो ऑटो असतोय, एकच वाइंडिंग, मधून टॅप काढलेले. मेनचा करंट सरळ भाईर येतोय त्याच्यातून.

वीज_शिकवते_लातूर

मी विजेचं शिकवते, विद्यार्थी दरवर्षी हे मशीन बनवायला मागतात, म्हणून थोडं कळकळीनं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

स्पॉट वेल्डिंगचं तत्त्व फार जुनं आहे, एलिहू थॉमसन यांनी १८८६ साली याचं पेटंट घेतलं. व्होल्टेज अगदी कमी, करंट प्रचंड, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन व्होल्टच्या त्या बाजूला हात लागला तरी शॉक बसत नाही, म्हणून लोकांना हे मशीन निरुपद्रवी वाटतं. धोका आहे तो त्याच्या आधी, मायक्रोवेव्ह उघडताना. मूळ सेकंडरीवर (वरच्या बारीक तारेच्या कॉइलीवर) दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि इतका करंट देण्याची ताकद असते की हात लागला तर सुटायची संधी मिळत नाही. याच ट्रान्सफॉर्मरनी लाकडावर विजेची नक्षी जाळताना जगभरात माणसं मेलीत. म्हणून मूळ सेकंडरी अंगावर असताना त्या ट्रान्सफॉर्मरला लाइट लावायचीच नाही, “फक्त चालू आहे का बघतो” म्हणूनसुद्धा नाही. प्रायमरी चांगली आहे का ते मल्टीमीटरनी बघा, दोन ओहमच्या आसपास येते. सेकंडरी कापून काढल्यावर मगच सिरीज बल्ब (त्याच वायरीत मध्ये जोडलेला बल्ब) लावून लाइट द्या. शंभरचा बल्ब मंद राहिला तर ठीक, भकभकून पूर्ण पेटला तर प्रायमरी शॉर्ट.

मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या डब्यात) प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. आत एक रेझिस्टर असतो तो रिकामा करायला, पण तोच उघडला असेल तर? दोन्ही टर्मिनल एकमेकांना आणि मग बॉडीला, इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरनी टेकवून खात्री करा, एक हात मागे ठेवून. मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्हच्या लाटा तयार करणारा भाग) काढून बाजूला ठेवा, त्यातलं सिरॅमिक फोडू नका, काही मॅग्नेट्रॉनमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चुंबकासाठी लहान मुलं ते ठोकून फोडतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

मशीन तयार झालं की कोअर आणि सेकंडरीचं एक टोक अर्थिंगला जोडा. प्रायमरीचं इन्सुलेशन कधी फाटलं तर २३० व्होल्ट तुमच्या टिपांवर येतील, अर्थिंग असेल तर एमसीबी पडेल. आणि ते अर्थिंग खरं असलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते तेव्हा खड्डा कोरडा पडतो, त्यात मीठ-कोळसा आहे का, पाणी घातलंय का ते बघा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावलात तर फार बरं.

वाळूज_टूलरूम

ताईंचं शंभर टक्के. अजून एक, पेसमेकर बसवलेला माणूस असल्या मशीनजवळ उभा राहू देऊ नका. आमच्या शॉपमध्ये गेटवरच विचारतात. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं पण काढून ठेवायचं.

परतूर_पत्राकाम

सगळ्यांचे आभार. आता माझ्याकडून जे झालं ते सांगतो. तुमच्या सांगण्यावरून वाळूजवाल्या भाऊंच्या ओळखीतून एक मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिळाला होता. परवा रात्री दुकान बंद केल्यावर सेकंडरी काढायला बसलो. छिन्नी लावली, हातोडा मारला, दोन-तीन ठोक्यात वरची कॉइल हलायला लागली, मला वाटलं जमलं. चौथ्या ठोक्याला छिन्नी घसरून खालच्या कॉइलीत गेली. आवाजच वेगळा आला, टक् ऐवजी थप्प. टॉर्च लावून बघितलं तर प्रायमरीच्या वरच्या थरातल्या तीन तारा तुटलेल्या. तीनशे रुपये आन् पंधरा दिवसाची वाट, दोन्ही गेलं. उदगीरचे भाऊ, ही प्रायमरी भरून मिळती का?

मोटार_भरणारा_उदगीर

भरून मिळती पन परवडनार न्हाई. त्या कोअरच्या पट्ट्या बाजूनी वेल्ड केलेल्या असतात, ते वेल्ड कापून आय (कोअरची सरळ पट्ट्यांची बाजू) वेगळं करायचं, कॉइल भरायची, परत वेल्ड मारायचं. तेवढ्या मजुरीत दुसरा येतोय.

छिन्नी कधीच वरून लावायची न्हाई. हॅक्सॉनी कॉइलीचं भाईर आलेलं डोकं दोन्ही बाजूनी कोअरला लागून कापायचं, आधी प्रायमरीवर पत्र्याचा तुकडा आडवा ठेवायचा म्हंजे ब्लेड घसरलं तरी त्याच्यावर. मग खिडकीत जे तारेचं ठासलेलं उरतं ते चौकोनी लाकडाच्या न्हाईतर अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यानी एका बाजूनी दुसऱ्या बाजूला ठोकून काढायचं. घाई केली की गेलं. मधल्या लोखंडी पट्ट्या, ज्याला शंट म्हनतात, त्याबी ठोकून काढा, त्या करंट अडवतात.

असो. पाच इन्व्हर्टरमधला एक तुमाला पाठवून देतो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून बघितलाय, कोअरला कुठं लीक न्हाई. वजनाचा भाव द्या फक्त.

परतूर_पत्राकाम

तुमचे उपकार विसरणार नाही भाऊ. उद्याच पैसे पाठवतो.

अंबाजोगाई_सोलर

ह्याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. मी सोलर दिवे आणि फवारणी पंपाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. आता नवीन पंपात लिथियमचे पॅक यायला लागलेत, ३२६५०चे सेल, आणि एक सेल गेला की दुकानदार अख्खा पॅक बदलायला सांगतो, शेतकऱ्याला ते जड जातं, ऐन फवारणीच्या दिवसात तर फारच. सेलला निकेलची पट्टी लावायची आहे. सोल्डर करून बघितलं पण सेल तापतो. हाच ट्रान्सफॉर्मर चालेल का?

नांदेड_कोटी

चालेल, पण दोन्ही कामात मोठा फरक आहे. पत्र्याला सेकंद-दीड सेकंद दाबून धरावं लागतं, ते पायातल्या स्विचनी अंदाजानी जमतं. सेलवर तेवढा वेळ दिला तर सेलला भोक पडून आग लागेल. तिथं मिलीसेकंदाचा हिशोब आहे. आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलीसेकंदाची. ०.१५ मिमीच्या पट्टीला दोन-तीन सायकलपासून सुरुवात करून रिकाम्या, मेलेल्या सेलवर आधी ट्रायल घ्यायची.

म्हणून सेलसाठी कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकी स्विच) चालत नाही, त्याचं बोट चिकटायला-सुटायलाच तेवढा वेळ जातो. बीटीए ४१ ट्रायक आणि एमओसी ३०२१ ऑप्टो वापरा. दुकानदार ३०४१ देईल, दिसायला सारखाच, पण तो झिरो क्रॉसिंगवर (व्होल्टेज शून्यावर आल्यावर) चालू होतो आणि ट्रान्सफॉर्मरला झिरोवर चालू केलं की पहिला झटका सगळ्यात मोठा बसतो, एमसीबी उगाच पडतो. ३०२१नी पीकच्या (सगळ्यात जास्त व्होल्टेजच्या) जवळ चालू करता येतं. पल्स नेहमी पूर्ण सायकलच्या ठेवा, अर्धी सोडली तर कोअर एका बाजूला सॅच्युरेट होतो (चुंबकानी भरून जातो). दोन पल्स द्या, पहिली छोटी, मध्ये थोडा दम, मग दुसरी मोठी. पहिलीनी पट्टी नीट बसते, दुसरीनी वेल्ड होतो.

निकेलची पट्टी घेताना चुंबक लावून काही कळत नाही, शुद्ध निकेलला पण चुंबक चिकटतं आणि निकेल चढवलेल्या लोखंडाला पण. कानस मारून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड आहे.

आणि दादा, हे काम कापूस भरलेल्या खोलीत करू नका. गमतीनं सांगत नाहीये. आपल्याकडं दिवाळीनंतर अर्ध्या घरात कापूस असतो. वाळूची बादली शेजारी ठेवा, सेल फुसफुसला तर चिमट्यानी उचलून बाहेर.

अंबाजोगाई_सोलर

कापसाचं बरं झालं बोललात, माझं टेबल खरंच त्याच खोलीत आहे. उद्या ओसरीत हलवतो. ट्रायक, ऑप्टोचे दोन-दोन नग माझ्यासाठी आणा पुढच्या चकरेत.

परतूर_पत्राकाम

मंडळी, मशीन चालू झालं! जरा सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

उदगीरहून ट्रान्सफॉर्मर ट्रॅव्हल्सनी आला, पोत्यात गुंडाळलेला, मला वजनाच्या भावानी साडेसहाशेला पडला. जाड तार वरच होती, सोडायला अर्धा दिवस गेला पण ह्यावेळी छिन्नी हातात घेतलीच नाही. निघालेली तार तांब्याची निघाली, ती जालन्यात विकून पैसे बऱ्यापैकी परत आले. दहा फेऱ्याची टेस्ट केली, ६.३ व्होल्ट, म्हणजे फेऱ्याला ०.६३. चार फेरे घातले, अडीच व्होल्ट.

केबलीत मात्र एकदा फसलो. जालन्यात एका दुकानात ३५ची वेल्डिंग केबल निम्म्या भावात देतो म्हणाला, मी खुशीत दोन मीटर तोडायला सांगितली. मग वाळूजवाल्या भाऊंचं ब्लेडचं आठवलं, टोक खरवडलं तर वरून तांब्याचा नुसता मुलामा, आत पांढरं. हिशोब सोपा हाय: ३५ चौरस मिमीच्या एका मीटरात तीनशे ग्रॅमच्या वर तांबं येतं, तांब्याच्या आजच्या भावानी तेवढ्याचे पैसे काढा, केबल त्याच्यापेक्षा स्वस्त देत असेल तर ती तांब्याची नाही. दुसऱ्या दुकानातून खरी घेतली. टिपेला धरायचा दांडा घेतानाबी तसंच, अर्थिंगचा तांब्याचा रॉड म्हणून दाखवला त्याला चुंबक खटकन चिकटलं, आतून लोखंड. शेवटी पॅनलच्या भंगारातला बसबारचा (तांब्याच्या पट्टीचा) तुकडा घेतला, २५ बाय ६चा, त्याचेच दोन हात केले आन् पुढं वाळूजच्या क्रोमियमच्या टिपा.

स्विचला घरच्या पंपाच्या जुन्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर लावला तर तो नुसता घुंगूं करून थरथरायचा, ओढायचाच नाही. दोन दिवस डोकं खाल्लं. मग लातूरच्या ताईंना विचारलं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं की थ्री फेजच्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असती, २३०वर कशी ओढंल. कॉइल बदलून २३०ची टाकली, लगेच खट्ट. पायाखाली लिमिट स्विच.

पहिला पॉइंट मारला तेव्हा टिपांच्या मध्ये पत्रा आधी निळसर झाला, मग मधोमध गव्हाच्या दाण्याएवढा लाल ठिपका, वरचं जस्त वितळून त्याच्या कडेनी पांढरी रिंगण झाली, आन् मी पाय काढल्यावर एक सेकंदात काळं पडलं. थंड झाल्यावर दोन्ही पत्रे पकडीनी धरून उकलले. निघाना! शेवटी एका पत्र्यातून बटणासारखा गोल तुकडाच फाटून आला, तो दुसऱ्या पत्र्याला तसाच चिकटलेला, आन् पहिल्याला भोक. मी ते दोन तुकडे खिडकीत ठेवलेत, गिऱ्हाईकाला दाखवायला.

आता एक अडचण. सकाळी सव्वा सेकंदात होणारा पॉइंट दुपारी तीन सेकंद दाबला तरी उकलतो. कशामुळं?

वीज_शिकवते_लातूर

अभिनंदन दादा! दुपारी व्होल्टेज मोजलंत का? आसपासचे पंप चालू असले की गावात १८०पर्यंत येतं. २३०चे १८० म्हणजे पाऊणपेक्षा थोडं जास्त, पण उष्णता वर्गानी कमी होते, ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. वेळ वाढवून ते भरून निघत नाही, कारण जितका वेळ जास्त तितकी उष्णता पत्र्यात आणि टिपांत पळून जाते. स्टॅबिलायझर लावू नका, तो एवढा झटका सोसणार नाही. पाचवा फेरा बसतोय का बघा, नाहीतर पॉइंटचं काम सकाळी उरकून घ्या आणि दुपारी कटिंग-बेंडिंग ठेवा.

मोटार_भरणारा_उदगीर

पाचवा फेरा घातला तर केबल बारीक करावी लागंल, मग एका हातानी दिलेलं दुसऱ्या हातानी गेलं. त्यापरीस केबल आखूड करा. भाईर किती लांब ठेवलीत?

परतूर_पत्राकाम

बाहेर दोन्ही बाजूला दीड-दीड फूट हाय, हात मोकळा फिरावा म्हणून ठेवली होती. आत्ता मोजलं, १८४ व्होल्ट.

वाळूज_टूलरूम

दीड फूट फार झाली, सहा इंचावर आणा, मशीन हलवण्याऐवजी पत्रा हलवा. लग (केबलीच्या टोकाला बसवतात ते डोळे) पण बघा, हातोडीनी ठोकलेत का हायड्रॉलिकनी दाबलेत? पाच-सहा पॉइंट लागोपाठ मारून मग लगला हात लावा, केबलीपेक्षा लग जास्त गरम असेल तर तुमचा करंट तिथंच खर्च होतोय. बसबारवर बसतो तो भाग पॉलिश पेपरनी घासून पितळी बोल्टनी घट्ट आवळा. जीआय पत्र्याचं जस्त टिपेला चिकटतं, दर वीस-पंचवीस पॉइंटला बारीक कानस फिरवा. आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा, जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

परतूर_पत्राकाम

लग हातोडीनीच ठोकले होते. आज मंठ्याच्या केबलवाल्याकडून हायड्रॉलिकनी दाबून आणले, केबल सात इंचावर आणली. दुपारी दोन वाजता, १८१ व्होल्ट असताना, दोन सेकंदात पॉइंट झाला, उकलून बघितला, बटण निघालं. पहिली गव्हाण पूर्ण स्पॉटनी जोडून उभी हाय, एकबी रिवेट नाही. एकूण खर्च, तार विकलेले पैसे वजा करून, दोन हजार तीनशे चाळीस.

अंबाजोगाईचे भाऊ, तुमच्या बारीक कामाला माझा प्रायमरी तुटलेला मायक्रोवेव्हचा कोअर पाहिजे असेल तर तसाच पडलाय.

अंबाजोगाई_सोलर

पाठवा दादा. वेल्ड कापून बघतो, आणि उदगीरच्या भाऊंकडून शिकून प्रायमरी स्वतःच भरतो. किती गेजची तार लागेल भाऊ?

मोटार_भरणारा_उदगीर

जुनी तार फेकू नका, तिचंच माप घ्या मायक्रोमीटरनी, इनॅमल जाळून. आन् काढताना फेरे मोजा, वहीत दर पन्नासला एक रेघ मारा. निम्मे फेरे झाल्यावर मला फोटो टाका.